प्रसूतिगृहाची सूत्रे कोणाच्या हाती?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला आणि त्या यादीत पन्हाळगडाचे नाव झळकले. अंबरखाना, सज्जाकोठी व तीन दरवाजा यांची छायाचित्रे देशोदेशी पोहोचली. या आनंदात आम्हीही सहभागी आहोत. तथापि पन्हाळा म्हणजे केवळ गड नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या अडीच लाखांहून अधिक होती आणि त्यांपैकी गडावर, नगरपरिषदेच्या हद्दीत राहणारी माणसे तीन हजारांच्या आसपास होती. उरलेला सारा पन्हाळा गडाच्या पायथ्याला आणि भोवतालच्या गावांत, वाड्यावस्त्यांत राहतो. पूर्वेला कोडोलीकडचा उसाचा सधन पट्टा आहे. पश्चिमेला बाजारभोगावच्या अंगाने कासारी नदीचे डोंगराळ खोरे आहे. तेथे पावसाळ्यात रस्ता केव्हा पाण्याखाली जाईल याचा भरवसा नसतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तर गडावर जाणारा मुख्य रस्ताच खचला आणि वाहतूक दीर्घकाळ बंद ठेवावी लागली.

अशा एखाद्या रात्री पश्चिमेकडील वाडीवर एखाद्या स्त्रीला कळा सुरू झाल्या, तर तिला कोठे न्यायचे, केव्हा न्यायचे, उपकेंद्रात थांबायचे की थेट कोल्हापूर गाठायचे, हा निर्णय कोण घेते? कागदावर याचे उत्तर वैद्यकीय अधिकारी असे आहे. प्रत्यक्षात पहिला निर्णय बहुधा आरोग्यसेविका घेते, आणि रुग्णालयात पोहोचल्यावर रात्रपाळीची परिचारिका घेते. बाळंतिणीच्या उशाशी तीच असते. नाडी ती पाहते, रक्तस्राव तिलाच प्रथम दिसतो, आणि काही विपरीत घडले तर चौकशीच्या नोटिशीवर नावही बहुतेक वेळा तिचेच असते. मात्र प्रसूतिकक्षात किती जणी हव्यात, कोणाची बदली व्हावी, कोणती औषधे सदैव हाताशी असावीत, रुग्णवाहिका कोठे उभी असावी, हे ठरवणाऱ्या बैठकीत तिला खुर्ची नसते. जबाबदारी एकीच्या हाती आणि अधिकार दुसऱ्याच्या हाती, ही आपल्या मातृसेवेची आजची स्थिती आहे. प्रसूतिसेवेतील वरिष्ठ पदांचा प्रश्न म्हणूनच परिचारिकांच्या पगाराच्या व पदोन्नतीच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे, असे आम्हांस वाटते.

झालेल्या प्रगतीचे श्रेय प्रथम दिले पाहिजे. नमुना नोंदणी पाहणीनुसार २००४-०६ या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ३३ वर आले. त्या वेळी देशाचे प्रमाण ९७ होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत वा आरोग्यकेंद्रांत झाल्याचे आढळले. २००५ ची जननी सुरक्षा योजना, २०११ चा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम, २०१४ पासून धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका आणि घरोघर फिरणाऱ्या आशा यांचे हे फळ आहे.

परंतु त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. महाराष्ट्रातील दर चार बाळंतपणांपैकी एक सिझेरियनने झाले. देशभरातील खाजगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७ टक्क्यांवर, तर सरकारी रुग्णालयांत १४ टक्क्यांवर होते. एकाच देशातील स्त्रियांच्या शरीरांत एवढा फरक असू शकत नाही. फरक आहे तो निर्णय कोण घेते आणि कशासाठी घेते यात. एका बाजूला शस्त्रक्रिया हवी असताना ती वेळेवर मिळत नाही म्हणून दगावणारी वाडीवरची माता, आणि दुसऱ्या बाजूला गरज नसताना टाके घेऊन घरी जाणारी शहरातील माता. दोघींनाही हवी असते ती सबंध बाळंतपणभर सोबत राहणारी, स्वाभाविक प्रसूती ओळखणारी आणि धोक्याच्या क्षणी डॉक्टरांना अधिकाराने बोलावू शकणारी प्रशिक्षित प्रसाविका.

‘प्रसाविका’ हा शब्द आपल्याकडे सरकारी कागदांतच उरला आहे. आरोग्यसेविकेचे मूळ पदनामच ‘साहाय्यकारी परिचारिका प्रसाविका’ असे आहे, हे किती जणांना ठाऊक असते? आपण तिला सिस्टर म्हणतो, फार तर नर्सबाई म्हणतो. हा शब्द मागे का पडला, याला एक इतिहास आहे. १९४६ च्या भोर समितीने देशात प्रसाविकांची संख्या किती तोकडी आहे हे परखडपणे मांडले होते. स्वातंत्र्यानंतर गावोगाव नेमलेल्या या स्त्रियांचे मुख्य काम बाळंतपण हेच होते. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने त्यांना ‘बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी’ करण्याची शिफारस केली. तेव्हापासून कुटुंबनियोजन, लसीकरण, सर्वेक्षण व नोंदवह्या यांचा भार वाढत गेला आणि बाळंतपणाची विद्या हातातून सुटत गेली. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या स्त्रीचेही तेच झाले. आज ती आरोग्य सहाय्यिका म्हणून ओळखली जाते आणि तिचा बराचसा वेळ अहवाल गोळा करण्यात जातो.

रुग्णालयातील शिडी वेगळी असली तरी व्यथा तीच आहे. अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशा पायऱ्या आहेत. अधिसेविका, जिला आपण अजून मेट्रन म्हणतो, ती सबंध रुग्णालयाच्या परिचर्येची प्रमुख असते. तिने प्रसूतिकक्षात उमेदीची वर्षे घालवली असतील किंवा नसतीलही. दहा वर्षे बाळंतपणे केलेली परिचारिका बढतीबरोबर नेत्रविभागात जाऊ शकते आणि तिच्या जागी अपघात विभागातील सिस्टर येऊ शकते. जिल्हा पातळीवर माता-बाल आरोग्याची धुरा डॉक्टरांकडे असते. जिल्हा सार्वजनिक आरोग्य परिचारिका हे पद आहे, परंतु तिच्या शब्दाने एखाद्या रुग्णालयातील पाळ्यांचे वेळापत्रक बदलते असे नाही. ‘या जिल्ह्यातील बाळंतपणांच्या गुणवत्तेला मी उत्तरदायी आहे’ असे म्हणू शकेल अशी प्रसूतिविद्येतील वरिष्ठ स्त्री या साऱ्या रचनेत कोठेच नाही.

कोल्हापूरच्या मातीत या प्रश्नाची मुळे फार जुनी आहेत. १८८६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पदवी घेतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांना कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाचे प्रमुखपद देऊ केले. हेच आजचे सीपीआर. स्वतःचे पहिले मूल दहा दिवसांचे असताना गमावलेल्या आनंदीबाईंनी आपला प्रबंधही प्रसूतिशास्त्रावरच लिहिला होता. दुर्दैवाने त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी याच रुग्णालयात सेवा केली आणि राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठविले. स्त्रियांच्या आरोग्याची सूत्रे स्त्रीच्या हाती देण्याचा विचार या संस्थानाने इतक्या लवकर केला होता, याचा कोल्हापूरकरांना सार्थ अभिमान वाटावा. मात्र मान मिळाला तो डॉक्टर स्त्रीला. सुईण होती तेथेच राहिली.

आमच्या प्रॉटेस्टंट बंधुभगिनींचे ऋणही येथे मानले पाहिजे. मिरजेचे वॉनलेस रुग्णालय, कोल्हापूरचे मेरी वॉनलेस रुग्णालय आणि पन्हाळा तालुक्यातच कोडोली येथील मिशनचे रुग्णालय यांनी या भागातील माताबालकांची व परिचारिका-शिक्षणाची सेवा केली. त्या काळात आपण कॅथलिक कोठे होतो, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर संख्येत आहे. या भागात आपली वस्ती विरळच होती. कोल्हापूर जिल्ह्याचा अंतर्भाव असलेला सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाला तोच २००५ मध्ये. दुसरे उत्तर अधिक अवघड आहे आणि ते खुद्द ख्रिस्तसभेच्या इतिहासात दडलेले आहे.

ख्रिस्तसभेने सुईणीवर शतकानुशतके मोठा विश्वास टाकला. नवजात बाळाचा जीव धोक्यात असेल आणि धर्मगुरू जवळ नसेल, तर स्नानसंस्कार कसा द्यावा हे सुईणींना शिकविणे धर्मगुरूचे कर्तव्य मानले जाई. १९१७ च्या धर्मविधी संहितेतील ७४३ व्या कलमात तर सुईणींचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे संस्कार तिच्या हाती सोपविला गेला. पण धर्मभगिनींना मात्र बाळंतपणाच्या कामास हात लावण्यास मनाई होती. शुचित्वाच्या कल्पनेतून आलेल्या या बंदीची झळ पोहोचली ती आपल्यासारख्या देशांतील स्त्रियांना. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जात नसत, स्त्री-डॉक्टर मिळत नसत, आणि ज्यांनी हे व्रत घेतले असते त्या धर्मभगिनींचे हात बांधलेले होते.

ही बंदी उठविण्यासाठी ज्या स्त्रिया झटल्या त्यांची नावे आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत क्वचितच घेतली जातात. स्कॉटलंडच्या डॉ. ॲग्नेस मॅकलॅरेन यांनी उतारवयात कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. रावळपिंडीत स्त्रियांसाठी रुग्णालय उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि रोमकडे वारंवार दाद मागितली. त्यांच्या प्रेरणेने ऑस्ट्रियाच्या डॉ. ॲना डेंगल रावळपिंडीस आल्या. १९२५ मध्ये त्यांनी मेडिकल मिशन सिस्टर्सची स्थापना केली. बंदी कायम असल्यामुळे या भगिनींना आरंभी जाहीर व्रतेही घेता येत नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लोरी यांना १९२० मध्ये पोप पंधरावे बेनेडिक्ट यांची विशेष अनुज्ञा मिळाली. त्या गुंटूर येथे धर्मभगिनी व डॉक्टर अशा दुहेरी नात्याने राहिल्या, आणि १९४३ मध्ये त्यांनीच कॅथलिक रुग्णालयांच्या अखिल भारतीय संघटनेचा पाया घातला. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी, लूर्द मातेच्या सणाच्या दिवशी, रोमने आदेश काढून धर्मभगिनींना प्रसूतिशास्त्राचे द्वार खुले केले. एवढेच नव्हे, तर त्यांनी रीतसर पदव्या घ्याव्यात असेही सुचविले.

हा इतिहास आम्ही उगाच उगाळीत नाही. स्त्रियांच्या हाती अधिकार देण्यास उशीर झाला की त्याची किंमत कोणीतरी बाळंतीण मोजते, हे आपल्या घरच्या अनुभवावरून आपण जाणतो. त्यामुळे शासनाला दोष देताना आपला आवाज थोडा खालचा असणे बरे.

आता काळ पुन्हा कूस बदलतो आहे. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रसाविका-सेवेसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. अनुभवी परिचारिकांना अठरा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण देऊन त्यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र प्रसूती-विभाग चालवावेत, अशी ती योजना आहे. तेलंगणात याचा आरंभ त्याआधीच, २०१७ मध्ये, हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाच्या व युनिसेफच्या सहकार्याने झाला होता. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संमत केला. १९४७ च्या कायद्याने स्थापिलेल्या परिषदेच्या नावात केवळ परिचर्या होती; नव्या कायद्याच्या शीर्षकातच प्रसाविका आली. राज्यांनीही असे आयोग स्थापावेत असे त्यात सांगितले आहे. नावाने काय होते, असे कोणी म्हणेल. कायद्यात ज्याचे नाव नसते त्याचे पद निर्माण होत नाही आणि पदासाठी तरतूदही होत नाही, हे सरकारी कामकाजाशी संबंध आलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

जगाचे चित्रही फारसे निराळे नाही. २०२१ च्या जागतिक प्रसाविका-स्थिती अहवालाने जगात नऊ लाख प्रसाविकांची उणीव असल्याचे नोंदविले, आणि माहिती देणाऱ्या देशांपैकी निम्म्याच देशांच्या आरोग्य मंत्रालयात प्रसाविका नेतृत्वपदी असल्याचे दाखवून दिले. इंग्लंडने २०१९ मध्ये मुख्य प्रसाविका अधिकारी हे पद निर्माण केले. परंतु त्याच इंग्लंडमधील श्रूजबरी व टेल्फर्ड येथील रुग्णालयांचा २०२२ चा चौकशी अहवाल वाचताना मन सुन्न होते. काळजी नीट घेतली गेली असती तर २०१ बालके व ९ माता वाचण्याची शक्यता होती, असा त्याचा निष्कर्ष आहे. तेथे सिझेरियनचे प्रमाण कमी असल्याचा अभिमान बाळगला जात होता. प्रसाविकेला अधिकार दिला की सारे आपोआप सुरळीत होते, अशी भाबडी समजूत कोणी करून घेऊ नये. डॉक्टर व प्रसाविका एकमेकांना प्रश्न विचारू शकत नसतील, मातेचे म्हणणे कोणी ऐकत नसेल, तर पदांची नावे बदलून काहीही साधणार नाही.

कॅथलिक वाचकांसमोर यात आणखी एक पेच आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ग्लासगो येथील मेरी डूगन व कॉन्सेप्टा वुड या दोन कॅथलिक प्रसाविका प्रसूतिकक्षाच्या समन्वयक, म्हणजे वरिष्ठ पदावर होत्या. गर्भपाताच्या प्रक्रियेत स्वतः भाग न घेण्याची मुभा त्यांना होतीच. परंतु त्या कामासाठी इतरांना नेमणे व त्यांच्यावर देखरेख करणे यांतूनही सूट मिळावी, अशी त्यांची मागणी होती. २०१३ मध्ये स्कॉटलंडच्या न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले. डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. कायद्यातील विवेकस्वातंत्र्य प्रत्यक्ष कृतीपुरते आहे, व्यवस्थापनापुरते नाही, असा तो निर्णय होता.

याचा अर्थ सरळ आहे. वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिकेला ‘मी हे करणार नाही’ असे म्हणून बाजूला होता येईल. वरच्या खुर्चीवर बसलेलीला ते अधिक कठीण जाईल. सरकारी सेवेतील आपल्या भगिनींपुढे हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणारच. यावर काही जण म्हणतील, मग आपल्या मुलींनी त्या वाटेला जाऊच नये. आम्हांस हे मान्य नाही. निर्गमच्या पहिल्या अध्यायातील शिप्रा व पुवा या इब्री सुइणींना खुद्द फारोने बोलावून आज्ञा दिली होती. त्या देवाचे भय बाळगणाऱ्या होत्या म्हणून बालके वाचली, पण त्या आपल्या कामावर होत्या म्हणूनही वाचली. सदसद्विवेक असलेल्या स्त्रिया जागा सोडून गेल्या तर त्या जागा रिकाम्या राहत नाहीत. निकटचे सहकार्य व दूरचे सहकार्य यांतील फरक ख्रिस्तसभेचे नीतिशास्त्र फार पूर्वीपासून शिकवीत आले आहे. तो फरक आपल्या परिचारिकांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या पाळीच्या वेळापत्रकातील उदाहरणांनिशी समजावून सांगणे हे धर्मप्रांतांचे काम आहे. नियुक्ती स्वीकारतानाच आपली मर्यादा लेखी नोंदविण्याचा सल्लाही त्यांना मिळाला पाहिजे.

आणि आपल्या स्वतःच्या संस्थांचे काय? कॅथलिक रुग्णालयांत धर्मभगिनी प्रशासक असतात, त्यामुळे स्त्रियांचे नेतृत्व आपल्याला नवे नाही, असे अभिमानाने सांगितले जाते. ते खरेही आहे. मात्र प्रशासकपद संघाच्या नेमणुकीने येते आणि संघाच्या बदलीने जाते. प्रसूतिकक्षात वीस वर्षे घालवलेली प्रापंचिक परिचारिका, मग ती कॅथलिक असो वा नसो, बहुतेक ठिकाणी वॉर्डाच्या प्रमुखपदापलीकडे जात नाही. नवी प्रसाविका-योजना सरकारी रुग्णालयांत रुजायची तेव्हा रुजेल. आपल्या रुग्णालयांना त्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. प्रसूतिविभागाची एक प्रमुख प्रसाविका नेमावी, तिची अन्य विभागात बदली करू नये, तिला व्यवस्थापन समितीत जागा द्यावी आणि दर महिन्याच्या सिझेरियनचा हिशेब तिच्यासमोर मांडला जावा, एवढे आजही करता येण्यासारखे आहे. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२० मध्ये परिचारिका व प्रसाविका यांच्यासाठी प्रार्थना करताना प्रसाविकांचा पेशा हा बहुधा सर्वांत उदात्त असल्याचे म्हटले होते. उदात्त पेशाला वरचे पद नसावे, हे विचित्रच नव्हे काय?

आपल्या धर्मग्रामांतील अनेक मुली परिचर्येचे शिक्षण घेऊन आखाती देशांत, आयर्लंडला, इंग्लंडला जातात. त्यांचा आपल्याला अभिमान आहे आणि त्यांनी पाठविलेल्या पैशांवर कित्येक घरे उभी आहेत. त्या परत का येत नाहीत, याची चर्चा मिस्सानंतर मंदिराच्या पायऱ्यांवर नेहमी रंगते. कारण म्हणून पगारच सांगितला जातो. त्यांच्याशी बोलताना आम्हांस दुसरेही कारण ऐकू येते. तेथे अनुभवाबरोबर निर्णयाचा अधिकार वाढतो, येथे अनुभवाबरोबर केवळ नोंदवह्या वाढतात.

पन्हाळ्यापुरते बोलायचे तर मोठ्या पदांची वाट न पाहता एक गोष्ट लगेच करता येईल. सरकारी रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीत आणि गावच्या आरोग्य व पोषण समितीत नागरिक म्हणून आपल्यालाही प्रश्न विचारता येतो. जून ते सप्टेंबर या काळात पश्चिमेकडील कोणत्या वाड्यांवर किती जणी बाळंत होणार आहेत, त्यांपैकी जोखमीच्या किती, रस्ता बंद होण्याआधी त्यांना कोठे आणून ठेवायचे आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणत्या परिचारिकेला लेखी दिला आहे, एवढेच विचारावे. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे आरोग्यसेविकेच्या वहीत बहुधा मिळतील. चौथ्याचे उत्तर मेअखेरपर्यंत मिळाले पाहिजे, कारण त्यानंतर कासारीचे पाणी चढू लागते.